फ्रीजमधला गॅस संपत नाही

फ्रीज थंड करेनासा झाला की घरोघरी एकच निदान ऐकू येते : ‘गॅस संपला.’ वस्तुतः हा वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत फिरताना तो द्रवाचा वायू होतो तेव्हा आतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसरच्या दाबाने पुन्हा द्रव होताना तीच बाहेर टाकतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. फ्रीजचा शंभर वर्षांचा इतिहास बव्हंशी या गळतीचाच इतिहास आहे.

१९२० च्या दशकातील फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. बर्लिनमधील एक कुटुंब अशा गळतीने दगावल्याचे वाचून आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी हलते भागच नसलेल्या फ्रीजची रचना केली. १९३० मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. त्याच वर्षी टॉमस मिज्ली यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वायू छातीत भरून घेतला आणि त्या फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. ना विषारी, ना ज्वलनशील! आइन्स्टाइनचा फ्रीज घरांपर्यंत पोहोचलाच नाही.

गळती मात्र थांबली नव्हती. तिचे बळी दिसेनासे झाले होते, इतकेच. हे वायू ओझोनचा थर नष्ट करू शकतात, हे मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला आणि २०१० पासून, दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता, आपल्याकडे या वायूंचा नवा वापर थांबला.

त्यांच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापवणारा. २०२१ मध्ये भारताने किगाली दुरुस्ती स्वीकारली. तीनुसार अशा वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. अनेक नव्या फ्रीजमध्ये आता आयसोब्युटेन असतो : हवामानाला सौम्य, पण ज्वलनशील.

म्हणून फ्रीज थंड होत नसेल, तर आधी दाराचे रबर, मागच्या जाळीवरची धूळ, साचलेला बर्फ आणि थर्मोस्टॅट तपासावा. गॅस खरोखरच कमी झाला असेल, तर जाणकार मेकॅनिककडून आधी गळती शोधून बुजवून घ्यावी. त्याविना भरलेला गॅसही त्याच वाटेने निघून जातो. करार देशांचे असतात. गळती मात्र स्वयंपाकघरातच थांबवावी लागते.