दुसरा साहेब असता तर?

शनिवारवाड्यात एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "सर, इंग्रजांनी पेशवाई बुडवली, मग साताऱ्याची गादी का ठेवली? दुसरा साहेब असता तर?"

१७ नोव्हेंबर १८१७ ला या वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. जिंकलेल्या मुलखाचा कारभार एल्फिन्स्टनकडे आला. बाजीराव माल्कमला शरण गेला; माल्कमने त्याला वर्षाला ८ लाखांचं पेन्शन कबूल केलं, ते वरिष्ठांना खटकलं. एल्फिन्स्टनने मात्र प्रतापसिंह छत्रपतींना गादीवर बसवलं. मराठे सरदार शांत राहावेत, हा हिशेब. १९४५ नंतर मॅकआर्थरने जपानचा सम्राट राखला, तोही असाच हिशेब.

पुण्यात माल्कम असता, तर कदाचित बाजीरावाचं थोडं बरं झालं असतं. पण गादी कुणाच्या स्वभावावर टिकली नव्हती, गरजेवर टिकली होती. १८१९ च्या तहात राज्य वंशपरंपरेने चालेल असं लिहिलं होतं. तरी १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं, आणि १८४८ मध्ये डलहौसीने सातारा खालसा केला.

मी तिला म्हणालो, "बेटा, साहेब बदलला असता तर फार तर तारीख बदलली असती. दुसऱ्याने दिलेली गादी त्याची गरज असेपर्यंतच आपली."