पाडव्याची गाडी

संग्रामपूर तालुक्यात दुचाकीला अडवते ती काळी माती. पावसाळ्यात पांदणीतला चिखल मडगार्डात असा बसतो की चाक फिरेनासे होते. कापूस-तुरीचा पैसा हातात येऊन सातपुड्याच्या पायथ्याला पळस फुलला की शिवाररस्ते कोरडे ठणठणीत होतात आणि गाडीचा खरा हंगाम सुरू होतो. रेल्वे पकडायला शेगाव गाठावे लागणाऱ्या या भागात दुचाकी ही चैन कधीच नव्हती.

महाराष्ट्राच्या खेड्यांत गरजेच्या गाडीचा मान आधी राजदूतने मिळवला. पोलंडच्या एसएचएल एम-११ वर बेतलेली ही १७५ सीसीची टू-स्ट्रोक गाडी एस्कॉर्ट्सने १९६० च्या दशकात आणली. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचे, कॉक उघडायचा, चोक ओढायचा, मग किक. निळा धूर निघाला की गाडी जागी झाली! दुधाचे कॅन लादून फिरणारी अशी दणकट गाडी पुन्हा झाली नाही.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक इंजिनामुळे ऑइल मिसळणे संपले, थोड्या पेट्रोलमध्ये लांब जाता येऊ लागले.

साडेतीन मुहूर्तांतला गुढीपाडवा म्हणजे नव्या गाडीचा दिवस. २०१७ चा पाडवा २८ मार्चला होता. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या वाहनांच्या विक्रीवर बंदी घातली. कंपन्यांनी हजारोंची सूट जाहीर केली आणि देशभर शोरूमपुढे रांगा लागल्या. पाडव्यालाच पूर्ण किमतीला बीएस-३ गाडी घेतलेल्यांना ती सूट मिळाली नाही.