दोन परूस पाणी

नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत विहीर फार खोल खणून चालत नाही. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी वरच लागतं. हावरेपणाने खाली गेलं, की खारं वर चढतं. विहिरीची खोली आपल्याकडे सांगायचे ती परसांत. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परूस.

या परसाचा पूर्वज यज्ञात भेटतो. शुल्बसूत्रांत अग्निचयनाची वेदी साडेसात चौरस पुरुषांची. पुरुष १२० अंगुळांचा खरा, पण मोजायचा तो हात उंचावलेल्या खुद्द यजमानावरून. म्हणजे उंच यजमानाची वेदी मोठी, बुटक्याची लहान, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं.

कौटिल्याला हे परवडणारं नव्हतं. त्याला जमीन मोजायची होती, कर घ्यायचा होता. त्याने मध्यम बांध्याच्या माणसाच्या मधल्या बोटावरून अंगुळ ठरवलं. बारा अंगुळांची वीत, चोविसांचा हात. माप अंगाचंच राहिलं, पण त्या अंगाला आता मालक नव्हता.

कोळ्यांच्या वावेला मात्र मालक असतो. दोन्ही हात ताणून दोर धरला की एक वाव, साधारण चार हात. वजन बांधलेला दोर तळाला टेकवायचा आणि वर ओढताना वावा मोजायच्या. काळोख्या रात्रीही हिशेब चुकत नाही, कारण पाहायचं काही नसतंच.

१९५८ च्या ऑक्टोबरपासून देशात मेट्रिक मापं लागू होऊ लागली. त्याआधी तेरा वर्षं, पॅरिसमध्ये मॉरिस मेर्लो-पाँती या तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं होतं की शरीर ही इतर वस्तूंसारखी एक वस्तू नव्हे. जवळ-लांब, उंच-खोल हे सारं त्याच्यापासून सुरू होतं. १९८४ मध्ये विल्यम वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांना नुसत्या पायऱ्या दाखवल्या. हात न टेकता चढता येईल अशा पायरीची मर्यादा उंच आणि ठेंगू दोघांनीही आपापल्या पायाच्या लांबीच्या सुमारे ०.८८ पट ठरवली. मोजपट्टी कोणाकडेच नव्हती. न्यायसूत्रांत तर शरीराची व्याख्याच चेष्टा, इंद्रियं आणि अर्थ, म्हणजे इंद्रियांचे विषय, यांचा आश्रय अशी आहे. त्यात चेष्टा, म्हणजे हालचाल, इंद्रियांच्याही आधी येते. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

विहिरीत गाळ काढायला उतरणाऱ्याला पाणी सव्वादोन मीटर आहे म्हटलं, तर तो क्षणभर मनात हिशेब करतो. परूसभर म्हटलं, तर हात वर केले तरी बोटं बाहेर निघणार नाहीत, हे त्याला विचारावं लागत नाही.