मुंबईची बोट लंडनला सुकली

श्रीरामपूरला आमच्या जुन्या घराचा सागवानी दरवाजा जुलैत चौकटीत असा रुतून बसतो, की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. मे महिन्यात त्याच दरवाजाच्या दोन फळ्यांमधून अंगणातलं ऊन आत येतं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, पाणी गेलं की आकसतं. समुद्र कधीतरी सहलीत बघणाऱ्या आम्हा ऊसवाल्यांनाही एवढं दरवाजामुळे कळतं. लंडनच्या ग्रीनिचमध्ये, नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या थंड, निगुतीने राखलेल्या हवेत, मुंबईत बांधलेल्या एका सागवानी बोटीचं नेमकं हेच झालं.

बोटीचं नाव सुहैली. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावाने ओळखतात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. मुंबईत असताना त्याने शिडाच्या बोटीचे आराखडे इंग्लंडहून मागवले. आले ते भलतेच, विल्यम ॲटकिन या अमेरिकन डिझायनरच्या 1920च्या दशकातल्या ‘एरिक’ नावाच्या बोटीचे. पुन्हा मागवायला वेळ नव्हता, म्हणून तीच बांधायला घेतली. चुकीच्या स्पेसिफिकेशनवर सुरू झालेले प्रोजेक्ट मीही पाहिलेत, पण त्यातलं एकही पृथ्वीला वळसा घालून आलं नाही. कुलाब्यात सुतारांनी तासणीने फळ्या तासल्या, दोरीने फिरवायच्या सामत्याने भोकं पाडली आणि 1964 साली नारळ फोडून 32 फुटांची सुहैली पाण्यात उतरली.

मुंबईला हे काम नवं नव्हतं. 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि सागवानी जहाजांची परंपरा उभी राहिली. 1817 साली मुंबईच्या गोदीतून बाहेर पडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिच्यासोबत वाडियांचं नाव घेतलं जातं. सुहैली मात्र तिच्या खलाशाच्या नावाने ओळखली जाते, सुतारांच्या नाही.

14 जून 1968 रोजी रॉबिन फाल्मथहून एकटा निघाला. कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करायची, अशी ती गोल्डन ग्लोब शर्यत. थोड्याच दिवसांत बोटीच्या तळाशी, कण्याला लागून असलेल्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी यायला लागलं. अटलांटिकमध्ये बोट थांबवून तो खाली उतरला. गोरी कातडी शार्कला दिसू नये म्हणून अंगात गडद कपडे. कापूस फटीत ठोकून बसेना, तेव्हा त्याने कापूस कॅनव्हासच्या पट्टीवर शिवला, ती पट्टी तांब्याच्या चुकांनी फटीवर ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा मारला. मधे एक शार्क घुटमळायला लागला, त्याला बंदुकीने मारावं लागलं.

सप्टेंबरमध्ये, आफ्रिकेच्या दक्षिणेला, एका लाटेने सुहैलीला आडवं केलं. ती उठली तेव्हा केबिनमध्ये पाणी डुचमळत होतं, सामान तरंगत होतं आणि केबिनचं छत कडेने तडकून जागचं हललं होतं. पिण्याच्या पाण्याच्या टाक्याही नासल्या. पुढची सगळी सफर पावसाचं पाणी धरून काढायची होती. 22 एप्रिल 1969 रोजी तो फाल्मथला परतला. निघालेल्या नऊ जणांत तो एकटाच पूर्ण करून आला.

जुन्या बोटीची केबिन दुरुस्त करणाऱ्यांना एक गोष्ट आधी शिकावी लागते, आणि ती मला फार उलटी वाटली. लाकडाचा खरा शत्रू समुद्राचं पाणी नाही, पावसाचं. डेकच्या सांध्यातून गोडं पाणी झिरपतं, अस्तराच्या मागे कोपऱ्यात साचतं, लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते आणि फळी आतून भुसभुशीत होते. वरून रंग मात्र चकचकीत. खारट पाण्यात ही बुरशी सहजी वाढत नाही. पण मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, त्यामुळे खारं पाणी शिरलेली केबिन कधी वाळतच नाही. म्हणून आधी ती गोड्या पाण्याने धुवायची, मग अस्तर काढून वारा खेळवत हळूहळू वाळवायची. घाईने हीटर लावला की फळ्या तडकतात. लोखंडी खिळ्यांचं दुखणं वेगळंच. ते गंजतात, फुगतात आणि भोवतालचं लाकूड काळं करून कुजवतात. एकेक खिळा काढून भोक साफ करावं लागतं.

सुहैलीने पुढेही आराम केला नाही. 1989 साली रॉबिन तिच्यातून जुन्या काळच्या ॲस्ट्रोलेबच्या आधाराने अटलांटिक ओलांडून गेला, 1991 साली गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनसोबत ग्रीनलंडला. मग 1997 साली तिला ग्रीनिचच्या संग्रहालयात ठेवलं. ना लाट, ना पाऊस, ना मीठ. आणि तिथे फळ्या आकसायला लागल्या. तेहेतीस वर्षं फुगून एकमेकींना दाबून धरणाऱ्या फळ्या सुटत चालल्या. तसंच राहिलं असतं तर बोट कायमची गेली असती. संग्रहालयाचा हेतू चांगलाच होता. तिथली कोरडी हवा कागदाला, कापडाला, चित्राला मानवते. पण बोटीची फळी ओली राहिली तरच सांधा बंद राहतो, तिथे ‘सुरक्षित’ ठेवणं म्हणजे तिला मारणं. 2002 साली रॉबिनने तिला बाहेर काढलं, दुरुस्त केलं आणि परत पाण्यात सोडलं. 2005 साली ती आइल ऑफ वाइटच्या शर्यतीत धावत होती.

2018 साली गोल्डन ग्लोब पुन्हा भरली, पन्नास वर्षांपूर्वीच्याच साधनांनिशी. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ‘थुरिया’ घेऊन उतरले. ती सुहैलीची प्रतिकृती, गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, अभिलाष यांच्या पाठीला जबर मार बसला. त्यांना वाचवलं गेलं, थुरिया तिथेच सोडावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, कुलाब्याची सुहैली फाल्मथच्या पाण्यात शिडं उभारून होती.