चार बाटल्या आणि एक गाळलेले नाव

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेख मद्यपानाच्या पुरस्कारासाठी लिहिलेला नाही, तसाच तो निषेधासाठीही लिहिलेला नाही. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमचा व्यवसाय जुन्या संहिता, त्यांच्या आवृत्त्या, पाठभेद आणि प्रस्तावना यांच्याशी निगडित आहे. मद्याविषयी बोलण्याचा कोणताही अधिकार आमच्याकडे नाही. आमच्यापैकी एकजण तर मद्याला स्पर्शही करीत नाही. तरीही हा विषय आमच्या वाट्याला आला, आणि तो आला 'आवृत्ती' या शब्दामुळेच.

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुईव्हिल या शहरी, एका जुन्या वर्गमित्राकडे उतरलो होतो. रात्री जेवणापूर्वी त्याने टेबलावर चार बाटल्या मांडल्या आणि म्हणाला, "अरे, तुम्ही पुस्तकांच्या आवृत्त्या तपासता ना? मग या चार विशेष आवृत्त्या तपासा. चारही एकाच ग्रंथाच्या आहेत." ग्रंथ होता 'ओल्ड फॉरेस्टर' ही बर्बन व्हिस्की. चार बाटल्यांवर चार सालांचे आकडे होते : १८७०, १८९७, १९१० आणि १९२०. ही मद्ये त्या सालांतली अर्थातच नव्हती. २०१४ ते २०१८ या काळात कंपनीने आपल्या इतिहासातील चार टप्प्यांची आठवण म्हणून ही मालिका बाजारात आणली. म्हणजे हा इतिहासच होता, फक्त द्रवरूप. आणि कोणत्याही इतिहासाप्रमाणे त्यालाही कुणीतरी लिहिले होते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. बर्बन म्हणवून घेण्यासाठी अमेरिकी नियमानुसार धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो, आणि ते मद्य आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपांत मुरवावे लागते. ओल्ड फॉरेस्टरच्या मिश्रणात ७२ टक्के मका, १८ टक्के राय आणि १० टक्के बार्लीचा माल्ट असतो. मद्याला रंग येतो तो लाकडाच्या जळालेल्या अस्तरातून. साखर जळताना जे होते तेच लाकडातील शर्करेचे होते, आणि मग मद्य वर्षानुवर्षे त्या लाकडात ये-जा करीत राहते. ज्यांनी कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. चारही बाटल्यांची बुचे काढताच आम्हांला आठवली ती काहिलीच्या कडेला लागलेली काकवीच.

पहिली बाटली १८७० ची, ४५ टक्के अल्कोहोलची. तोपर्यंत व्हिस्की पिंपातून सुटी विकली जाई, आणि पिंपात मूळ काय होते व वाटेत त्यात काय मिसळले गेले याची शाश्वती नसे. रंग यावा म्हणून तंबाखूचे पाणी घालण्यापर्यंत मजल गेली होती. जॉर्ज गार्व्हिन ब्राउन हा लुईव्हिलमधील औषधविक्रेता. व्हिस्की त्या काळी औषध म्हणूनही दिली जात असल्याने डॉक्टरांना भरवशाचा माल हवा होता. ब्राउनने आपली व्हिस्की फक्त सीलबंद काचेच्या बाटलीतून विकायचे ठरवले. आरंभी तो तीन वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांकडून माल घेऊन एकत्र करीत असे. आमच्या भाषेत सांगायचे तर तो लेखक नव्हता, संपादक होता. या आवृत्तीची चव सौम्य आहे. संत्र्याची साल, मागाहून लवंग, आणि मग फारसे काही नाही. सर्वांना रुचावी अशी बेताने संपादित केलेली प्रत.

दुसरी १८९७ ची. त्या वर्षी ३ मार्च रोजी 'बॉटल्ड-इन-बाँड' कायदा झाला. एका डिस्टिलरीत, एकाच हंगामात काढलेले, सरकारी देखरेखीखालील गोदामात किमान चार वर्षे मुरलेले आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोल असलेले मद्यच या नावाने विकता येईल असे ठरले. शिवाय मद्य कुठे तयार झाले हे बाटलीवर नोंदवणे बंधनकारक झाले. अमेरिकेतील अगदी आरंभीच्या ग्राहकसंरक्षक कायद्यांत त्याची गणना होते. आम्हांला या कायद्यात रस वाटला तो वेगळ्या कारणाने. स्थळ, काळ आणि कर्ता यांची नोंद केल्याशिवाय संहिता विश्वसनीय मानू नये, हे आम्ही एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना सांगतो. तेच तत्त्व येथे कायद्याने मद्याला लावले होते. चव आधीच्यापेक्षा ठाम होती : जळक्या साखरेचा किंचित कडवटपणा, त्यामागे कॉफी.

तिसरी १९१० ची. कंपनी सांगते ती कथा अशी : त्या वर्षी बाटल्या भरण्याच्या विभागात आग लागली आणि बाटलीत जाण्यास तयार असलेले मद्य दुसऱ्या पिंपांत साठवावे लागले. दुहेरी लाकडाने त्याला वेगळीच चव आली. आजच्या आवृत्तीत हे दुसरे पिंप मुद्दाम अधिक जाळतात. ही बाटली आमच्या यजमानाची लाडकी होती. जर्दाळू, कोको, दुधाळ गोडवा. आमच्यापैकी जे केवळ वासावर भागवत होते त्यांनी मात्र शेरा मारला की अपघाताची योजना झाली की त्यातली गंमत जाते. यावर बराच वाद झाला. असो.

चौथी १९२० ची, आणि ५७.५ टक्के अल्कोहोलची. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी अमलात आली ती ५ डिसेंबर १९३३ पर्यंत टिकली. या काळात औषधी व्हिस्की बाटलीबंद करण्याचे परवाने मोजक्या सहा कंपन्यांना मिळाले, त्यांत ब्राउन यांची कंपनी होती. डॉक्टर चिठ्ठी लिहून देत. दहा दिवसांत एका रुग्णास एक पाइंटपेक्षा अधिक देता येत नसे. केंटकीच्या गोदामांतील उन्हाळ्यात पिंपातून अल्कोहोलपेक्षा पाणी अधिक उडून जाते आणि मद्य वयाबरोबर तीव्र होते. ती तीव्रता या आवृत्तीत राखली आहे. पहिल्या घोटाला ठसका लागतो, आणि तो ओसरला की काळ्या चेरीचा व मिरीचा स्वाद बराच वेळ जिभेवर राहतो. चारांत उत्तम म्हणायची ती हीच.

येथे आम्हांला आपल्याकडची एक गोष्ट आठवल्यावाचून राहिली नाही. दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला आवश्यक तेवढ्या राज्यांची मान्यता मिळाली ती १६ जानेवारी १९१९ रोजी. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी, २३ जानेवारीला, राम गणेश गडकरी निवर्तले आणि त्याच वर्षी 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. दोन घटनांचा परस्परसंबंध काहीही नाही. परंतु मद्याकडे पाहण्याची आमची दृष्टी सुधाकर-सिंधूने घडवलेली आहे, आणि केंटकीतल्या त्या टेबलावरही ते दोघे आमच्याबरोबर बसले होते हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही प्रकृतीच्या कारणासाठी परवान्याची वाट ठेवली. बंदी आणि औषध यांचे हे साटेलोटे दोन खंडांत सारखेच दिसते.

चार बाटल्या संपल्या, अर्थात चव घेण्यापुरत्या. इतिहास नीटनेटका वाटला : एक कल्पक औषधविक्रेता, एक प्रामाणिक कायदा, एक आग, एक बंदी. तेव्हा यजमानाने प्रश्न केला, "या सगळ्यात व्हिस्की गाळली कोणी?"

त्याचे उत्तर चारांपैकी एकाही लेबलाच्या कथेत नाही. ते शोधायचे तर शेजारच्या टेनेसी राज्यात जावे लागते. ओल्ड फॉरेस्टरची मालक असलेल्या ब्राउन-फॉर्मन कंपनीनेच १९५६ साली लिंचबर्ग येथील जॅक डॅनियल ही डिस्टिलरी विकत घेतली. तिची प्रचलित कथा अशी की पोरसवदा जॅकने डॅन कॉल या धर्मोपदेशकाच्या भट्टीवर हे कसब आत्मसात केले. परंतु त्या भट्टीवर मद्य गाळणारा कसबी माणूस कॉल नव्हता. तो होता नेथन ग्रीन, ज्याला सगळे 'निअरेस्ट' म्हणत. तो गुलाम होता, आणि त्याचे मालक त्याला मोबदला घेऊन कॉलच्या कामावर पाठवत. त्याने जॅकला शिकवले. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, जॅकने स्वतःची डिस्टिलरी काढली, आणि निअरेस्ट तेथे प्रमुख डिस्टिलर झाला. त्याची मुलेही तेथे कामाला होती. त्याचे एकही छायाचित्र ज्ञात नाही. जॅकच्या एका जुन्या समूहचित्रात त्याच्या शेजारी जो कृष्णवर्णीय माणूस बसला आहे तो निअरेस्टचा मुलगा जॉर्ज असावा, असे मानले जाते.

ही माहिती गुप्त होती असे नाही. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या जॅकच्या चरित्रात निअरेस्टचे नाव आहे. नाव छापलेले होते, पण ते कोणी वाचत नव्हते. २०१६ साली डिस्टिलरीने आपली १५० वर्षे साजरी केली, त्यानिमित्त विशेष आवृत्तीही काढली. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये निअरेस्टची हकिकत आली, आणि पुढच्या वर्षी कंपनीने त्याला आपला पहिला मास्टर डिस्टिलर म्हणून अधिकृत मान्यता दिली. फॉन वीव्हर या लेखिकेने त्याच्या वंशजांना भेटून, कागदपत्रे जमवून २०१७ मध्ये त्याच्या नावाची व्हिस्कीच बाजारात आणली. पुढे तिच्या मिश्रणाची जबाबदारी निअरेस्टच्या खापरपणतीकडे आली.

याहून मागे गेलो तर गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी होते. १७९१ साली अमेरिकी सरकारने मद्यावर कर बसवला. १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध उठाव केला, आणि तो मोडण्यासाठी अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः सैन्यासह निघाले. अध्यक्षपद सोडल्यावर १७९७ मध्ये त्याच वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्नन येथे डिस्टिलरी काढली. १७९९ मध्ये तिने सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की काढली. व्यवस्थापक जेम्स अँडरसन हा स्कॉटिश माणूस. भट्टीवर राबणारे सहा गुलाम : हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमथी. ही नावे आज आपल्याला माहीत आहेत ती वॉशिंग्टन यांनी १७९९ साली आपल्याकडील गुलामांची यादी केली म्हणून. म्हणजे श्रेय देण्यासाठी कुणी ती लिहून ठेवली नव्हती. मालमत्तेची मोजदाद करताना ती उतरवली गेली. दप्तराने नाव राखले, पण ज्या हेतूने राखले तो हेतूही त्या नावाला कायमचा चिकटला.

आमच्या विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा असे आम्हांला वाटते. बाटलीवरचे लेबल ही प्रस्तावनाच असते. प्रस्तावना खोटे बोलते असे क्वचितच घडते. ओल्ड फॉरेस्टरच्या चारही लेबलांवरील सालांत आम्हांला काही खोटे आढळले नाही. प्रस्तावना निवड करते. मालक, कायदा, आपत्ती यांच्या तारखा असतात. रोज पहाटे उठून भट्टी पेटवणाऱ्याच्या कामाला तारीख नसते, त्यामुळे त्याची शताब्दी येत नाही आणि त्याची विशेष आवृत्ती निघत नाही. १८९७ च्या कायद्याने डिस्टिलरीचे नाव लिहिणे बंधनकारक केले. हातांची नावे लिहिणे कोणत्याही कायद्याने बंधनकारक केले नाही.

हे लिहिताना आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवत आहोत, असा वाचकांचा समज होऊ नये. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकोणिसाव्या शतकातील एका प्रवासवर्णनाची अभ्यासोपयोगी आवृत्ती सिद्ध केली. एका तालुक्याच्या ग्रंथालयात मिळालेली प्रत वाळवीने खाल्लेली होती, आणि छायाप्रत काढायला हात लावावा तर पाने तुटत. तेथील एका निवृत्त सेवकांनी भिंग घेऊन दोन महिने ती हाताने उतरवून दिली. 'हे अक्षर असे नाही, असे असावे' असे त्यांनी समासात जागोजागी लिहिले होते, आणि त्यांतले बहुतेक अंदाज आम्ही स्वीकारले. पुस्तक निघाले. प्रस्तावनेत प्राचार्यांचे आभार होते, प्रकाशकांचे होते, एकमेकांच्या कुटुंबीयांचेही होते. त्यांचे नाव राहून गेले. आम्ही प्रत द्यायला गेलो तेव्हा त्यांनी प्रस्तावनेची पाने उलटून पाहिली, पुस्तक कपाळाला लावले आणि चहा मागवला. ते काही बोलले नाहीत. आम्हांलाही परतीच्या एस.टी.त बसल्यावरच काय झाले ते कळले.

त्या रात्री लुईव्हिलमध्ये, चौथ्या बाटलीचा ठसका ओसरत असताना, आम्ही दोघेही एकाच माणसाचा विचार करीत होतो हे आम्हांला नंतर एकमेकांशी बोलताना समजले. त्यांचे नाव या लेखात द्यावे असे प्रथम वाटले होते. परंतु ते माळकरी आहेत. मद्यावरच्या लेखात आपले नाव आलेले त्यांना मुळीच रुचणार नाही. ते नाव त्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत, प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात जाईल. प्रकाशकांना पत्र पाठवले आहे. पहिल्या आवृत्तीच्या काही प्रती अद्याप शिल्लक असल्याचे त्यांनी कळवले आहे. तोवर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील प्रतींत आम्ही ते हाताने लिहीत आहोत.