पंचवीस सेंटचं पझल आणि मंदीतलं घर

२०२० च्या मे महिन्यात आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे कुणी जेवलं नाही. तिथं हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल मांडलेलं होतं आणि आम्ही ताटं घेऊन खाली फरशीवर बसायचो. पझल नवीन नव्हतं. कुणीतरी मुलाच्या वाढदिवसाला दिलेलं, कपाटावर धूळ खात पडलेलं. बायकोचा पगार निम्म्यावर आला होता, माझं काम मार्चपासून बंद. पुढं काय, हा विषय कुणी काढत नव्हतं. आईनं पहिल्या दिवशी नाक मुरडलं, "रिकामटेकड्यांचे उद्योग!" चौथ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर चष्मा लावून तीच टेबलापाशी बसलेली.

तिचा तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. कारण या खेळाचा इतिहास वाचायला लागलो तर त्यात रिकामटेकडे दोन प्रकारचे निघाले. एक हौसेनं रिकामे, दुसरे नाइलाजानं.

मुळात हा खेळ नव्हताच. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. तो महोगनीच्या पातळ फळीवर नकाशा चिकटवायचा आणि देशांच्या सीमांवरून करवत फिरवायचा. श्रीमंतांच्या मुलांनी तुकडे जुळवत भूगोल शिकायचा. राजा तिसऱ्या जॉर्जच्या मुलांना शिकवणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांच्याकडेही असे कापलेले नकाशे होते. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क' (१८१४) या कादंबरीत गरीब घरातून मावशीकडे राहायला आलेल्या फॅनीला तिच्या मावसबहिणी हसतात. का, तर तिला युरोपचा नकाशा जुळवता येत नाही. तिच्या घरी असलं महागडं खेळणं येणार कुठून, हे त्या पोरींच्या डोक्यातही येत नाही.

(जाता जाता, स्पिल्सबरीच्या काळी युरोपच्या नकाशात पोलंड होता. १७९५ मध्ये शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला आणि देशच नकाशावरून गेला. आमच्याकडच्या भारताच्या जुन्या पझलमध्ये आंध्र अजून अखंड आहे, त्यामुळे ते शाळेच्या अभ्यासाला चालत नाही. तुमच्याकडेही असेल एखादं.)

मोठ्या माणसांना याचं वेड लागलं ते अमेरिकेत, १९०८ च्या सुमारास. पण तेही पैसेवाल्यांचंच. पाचशे तुकड्यांचं लाकडी पझल साधारण पाच डॉलरला मिळायचं, आणि सामान्य कामगाराला महिन्याला पन्नास डॉलर मिळायचे. म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा! तरी मागणी एवढी, की १९०९ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीनं बाकीचे खेळ थांबवून कारखाना पझलला जुंपला. तुकडे करवतीवर एकेक करून कापायचे, आणि कापणाऱ्या बहुतेक बायका. तेव्हाचे तुकडे आजच्यासारखे एकमेकांत अडकायचे नाहीत, नुसते शेजारी बसायचे. कुणाला शिंक आली की संध्याकाळची मेहनत गेली. खोक्यावर चित्रही नसायचं.

खरी गोष्ट आहे १९३२-३३ ची. जागतिक महामंदी. अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार, बँका बुडालेल्या. अशा वेळी चैनीच्या वस्तूचा धंदा बसायला हवा. झालं उलटंच. करवतीऐवजी धारदार पोलादी साचा आला. पुठ्ठ्यावर छापलेल्या चित्रावर तो एकदा दाबला की शेकडो तुकडे एका दमात तयार. किंमत उतरून पंचवीस सेंटवर आली. पेपरच्या स्टॉलवर मासिकासारखं दर आठवड्याला नवीन पझल यायला लागलं. टूथब्रश घेतला तर पझल फुकट, असल्याही जाहिराती निघाल्या. १९३३ च्या सुरुवातीला खप आठवड्याला एक कोटीच्या घरात गेला होता.

यावर लिहिणारे म्हणतात, बाहेर सगळं विस्कटलेलं असताना माणसांना काहीतरी जुळवल्याचं समाधान मिळत होतं. असेल. मला मात्र साधा हिशेब दिसतो. पंचवीस सेंटमध्ये पाच-सहा माणसांच्या तीन-चार संध्याकाळी जायच्या, मग मोडून शेजाऱ्याला द्यायचं आणि त्याचं आपण आणायचं. लाकडी पझल परवडत नसेल तर औषधाच्या दुकानातून किंवा वाचनालयातून भाड्यानं मिळायचं. आणि दिवसभर काम शोधून रिकाम्या हातानं परतलेला बाप टेबलाशी बसला की त्याला "काय झालं?" असं कुणी विचारत नसणार. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, आमच्या टेबलावरून सांगतोय.

दुसरी बाजू याहून बोलकी आहे. काम गेलेल्या कित्येक सुतारांनी आणि कारागिरांनी घरातच करवत लावून पझल कापायला घेतली. शेजारीपाजारी विकायची नाहीतर भाड्यानं द्यायची. म्हणजे एक बेकार कापतोय आणि दुसरा बेकार जुळवतोय. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रिक्स या दोघा बेकार तरुणांनीही १९३२ मध्ये अशीच सुरुवात केली. पण त्यांनी गिऱ्हाईक वेगळं धरलं. मंदीतही ज्यांचं काही बिघडलं नव्हतं अशांसाठी ते महागडी पझल बनवू लागले, तुकड्यांमध्ये मालकाच्या नावाची अक्षरंसुद्धा कापून द्यायचे. त्यांची 'पार' कंपनी नावारूपाला आली. एकाच शहरात, एकाच मंदीत पंचवीस सेंटचं पझलही होतं आणि हेही.

१९३३ नंतर ही लाट ओसरली. पुढं महायुद्धानंतर मजुरी वाढली, तसं हातानं कापलेलं लाकडी पझल परवडेना आणि पुठ्ठ्याचंच राज्य आलं. मग २०२० मध्ये जगभर पुन्हा दुकानांतली पझल संपली.

आमचं पझल स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याशा गावाचं होतं, घरातल्या कुणीही न पाहिलेल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुरं झालं. मोडायला आईनं साफ नकार दिला. शेवटी खाली प्लायवूड सरकवून अख्खं उचललं आणि तिच्या कॉटखाली ठेवलं. बायकोचा पगार दिवाळीनंतर पूर्ववत झाला. पझल अजून तिथंच आहे, झाडताना फक्त बाहेर निघतं.