शकुंतलेचें इंजिन

दर्यापुरावरून जाणाऱ्या मूर्तिजापूर–अचलपूर रेल्वेस वऱ्हाडी माणूस लाडानें ‘शकुंतला’ म्हणे. तिच्या रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. १९२१ सालीं मँचेस्टर येथें घडविलेलें वाफेचें इंजिन तिनें १९९४ पर्यंत वापरलें. मग त्याच्या जागीं डिझेल इंजिन आलें. परंतु नव्या इंजिनाचीं चाकें त्याच अडीच फुटांत बसावीं लागलीं, आणि त्याचा भार जुन्या रुळांस पेलेल इतकाच असावा लागला. मार्ग जुनाच राहिल्यानें गाडी ताशी २० किलोमीटरांच्या आसपासच रेंगाळली.

जुन्या मालमोटारीचेंही असेंच आहे. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवावयाचें, तर त्याच्या जड चाकाशीं क्लचची तबकडी जुळावी लागते, आणि तबकडीशीं गिअरपेटीच्या दांड्याच्या खाचा. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत अधिक ओढ देतें. म्हणून मागच्या आंसांतील दंतचक्रांचें प्रमाण तेंच ठेविल्यास मोटारीचा वेग घटतो. आणि गिअरपेटी दुबळी असल्यास तिचे दांते झिजतात, दांडा पिळवटतो.

तात्पर्य, नवें इंजिन किती बळाचें, हें मागाहून पाहावें. जुनें अंग किती सोसेल, हें आधीं मोजावें.